कोच बोंबलतो म्हणून पोरं पळतात का?

रविवारी सकाळी फुटबॉलच्या टर्फवरून पोरांना घेऊन निघालो की टिळक रोडच्या कट्ट्यावर टेकायचं हे आमचं ठरलेलं, पोरं वडापाव हाणतात आणि आम्ही चहा. आज गोलकीने काडी टाकली (कॉलेजात गोलकीपर होता, तेव्हापासूनचं नाव). म्हणाला, अरे तो कोच तासभर नुसता शाबास, चल चल, सोडू नको, माझेच कान बसले राव.

आमच्यातला डॉक्टर तापलाच. म्हणे ते बोंबलणं फुकट नाहीये, 2007 साली रॅम्पिनिनी नावाच्या संशोधकाने आणि मंडळींनी 20 हौशी फुटबॉल खेळाडूंवर बघितलंय, लहान मैदानावर सहाला सहा आणि कोच गप्प, तर हार्ट रेट कमालच्या 84 टक्के, तेच मोठ्या मैदानावर तीनाला तीन आणि कोच मागे लागलेला, तर 91. खेळाडूंना विचारलं किती दमलात, तर 10 पैकी 4.8 चे 7.2 झाले.

आयटीवाला असली संधी सोडतोय होय! "थांब, तू तीन गोष्टी एकदम बदलल्यास, माणसं कमी केलीस, मैदान वाढवलंस, आणि सगळं क्रेडिट कोचच्या घशाला?" आता हे खरंच होतं, तीनच जण असले की बॉल सारखा पायात येतो, लपायला जागाच नाही. डॉक्टरने मान्य केलं, पण म्हणाला की कोचच्या बोलण्याचा परिणाम त्यांनी वेगळाही तपासला होता आणि तो दिसलाच. बरं, ती सगळी मोठी माणसं, आपली पोरं अकरा-बारा वर्षांची, तिथे हेच आकडे जसेच्या तसे लावू नको, हेही त्यानेच सांगितलं.

मला विचाराल तर गोलकीचा राग शाबासकीवर नव्हताच. आमचा कोच "परत ये, छान" म्हणता म्हणता मधेच "पास दे, डावीकडे, मार मार" वर घसरतो आणि मग पोरगं बॉल सोडून कोचकडे बघत बसतं. पहिल्याने पाय पळतात, दुसऱ्याने डोकं बंद. दोन्हीला आपण ओरडणंच म्हणतो म्हणून तर हा वाद चहाचे दोन राउंड चालला.

आणि आज एक गंमत झाली ती मी तेव्हाच सांगितली. कोचला फोन आला, तो पाचेक मिनिटं गेटपाशी. लगेच खेळ थंड, एक जण लेस बांधत बसला, माझे चिरंजीव कमरेवर हात ठेवून चक्क गप्पा मारत उभे. फक्त त्या टोकाचा गोलकीपर, एवढासा पोरगा, एकटा ओरडत होता, "मागे या रे, मागे कोण येणारे?" आणि दोघं तिघं खरंच पळत मागे आले.

हे ऐकून आमच्या गोलकीने सगळ्या पोरांच्या वडापावचे पैसे दिले. सहा वर्षांत पहिल्यांदा.