डिक्सी कार्टरला नेमकं काय जमलं नाही

रेसलिंगवाल्यांच्या गप्पांत डिक्सी कार्टरचं नाव निघालं की दोन गोष्टी ठरलेल्या. एक म्हणजे "बापाच्या पैशावर खेळ मांडला आणि बुडवला" हे वाक्य. दुसरी म्हणजे बुली रे या पैलवानाने तिला टेबलावर आपटल्याची क्लिप. वाक्य अर्धं खरं आहे, क्लिप बघायला मजा येतेच. पण टीएनए ही अमेरिकेतली दोन नंबरची रेसलिंग कंपनी जिने जवळपास १४ वर्षं चालवली, तिचा हिशेब एवढ्यावर उरकणं मला पटत नाही. रेसलिंग कळत नव्हतं म्हणून डिक्सी हरली, असं मला वाटत नाही. टीएनए ज्या गोष्टींमुळे वेगळी दिसत होती त्याच गोष्टी मोठं होण्याच्या घाईत काढल्या गेल्या, आणि सगळा डोलारा एका चॅनेलच्या चेकवर उभा राहिला. हरली ती तिथे.

आधी बापाच्या पैशाचं बघू. टीएनए सुरू केली जेरी आणि जेफ जॅरेट या बापलेकांनी. पहिला शो १९ जून २००२ रोजी अलाबामातल्या हंट्सव्हिलला झाला, आणि लवकरच मुक्काम नॅशव्हिलला हलला. टीव्हीवर जागा नव्हती म्हणून दर बुधवारी पे-पर-व्ह्यू, म्हणजे घरी बघायला वेगळे पैसे मोजायचा शो, किंमत सुमारे १० डॉलर. कागदावर कल्पना झकास होती. चॅनेलवाल्यांच्या मिनतवाऱ्या नकोत, प्रेक्षकच थेट पैसे मोजणार. प्रत्यक्षात पे-पर-व्ह्यूच्या कमाईतला साधारण निम्मा वाटा केबल आणि डिशवाले ठेवून घेतात, आणि उरलेले पैसे हातात पडायला महिने जातात. पैलवान, कॅमेरावाले, हॉलचं भाडं मात्र दर आठवड्याला द्यावंच लागतं. त्याहून मोठी अडचण वेगळीच होती. घराघरात फुकट दिसणारा शो नसेल, तर "पुढच्या बुधवारी १० डॉलर खर्च करा" हे लोकांना सांगायचं तरी कुठून?

त्यात पाठीशी असलेली हेल्थसाउथ ही कंपनी काही महिन्यांतच मागे सरकली (तिचा हिशेबातला महाघोटाळा पुढे २००३मध्ये बाहेर आला, तो वेगळा विषय). डिक्सी तेव्हा टीएनएच्या प्रसिद्धीचं काम बघत होती. मूळची डॅलसची, मिसिसिपी विद्यापीठातून शिकलेली, मार्केटिंगच्या धंद्यात मुरलेली. कंपनी बंद पडणार असं दिसल्यावर ती आईवडिलांकडे गेली. वडिलांची पांडा एनर्जी ही वीजप्रकल्प उभारणारी कंपनी. २००२च्या ऑक्टोबरअखेर पांडाने टीएनएतला मोठा हिस्सा घेतला आणि २००३मध्ये डिक्सी अध्यक्ष झाली. तेव्हा पैसा माहेरचा, हे खरंच. पण तो आला नसता तर एजे स्टाइल्स, समोआ जो, ख्रिस्तोफर डॅनियल्स या पैलवानांना अमेरिकेत दर आठवड्याला दिसायला व्यासपीठच उरलं नसतं. डब्ल्यूडब्ल्यूईच्या दोन स्पर्धक कंपन्यांपैकी डब्ल्यूसीडब्ल्यू २००१मध्ये विकली गेली होती, ईसीडब्ल्यू बंद पडली होती.

पहिल्या काही वर्षांत तिने जे केलं ते मार्केटिंगवाल्याचं काम होतं, आणि ते चोख होतं. जून २००४मध्ये 'इम्पॅक्ट' हा टीएनएचा साप्ताहिक शो फॉक्स स्पोर्ट्स नेट या चॅनेलवर आला, तोही शुक्रवारी दुपारच्या आडवेळेला. त्या वेळेसाठी चॅनेलने टीएनएला पैसे दिले नव्हते, टीएनएनेच चॅनेलला दिले होते. २००५च्या मे महिन्यात तेही संपलं, काही महिने टीव्हीच नव्हता. मग १ ऑक्टोबर २००५ रोजी स्पाइक टीव्ही मिळाला. शनिवारी रात्री ११ची वेळ, पुढे २००६मध्ये गुरुवार, २००७मध्ये पूर्ण दोन तास. पैसे देऊन वेळ विकत घेणारी कंपनी तीन वर्षांत चॅनेलकडून पैसे घेऊन दोन तास भरायला लागली. हे ज्याला सोपं वाटतं त्याने एखादी मालिका घेऊन चॅनेलच्या पायऱ्या चढून बघाव्यात.

या काळात टीएनएची ओळख ठरलेली होती. सहा बाजूंची रिंग, हलक्याफुलक्या उड्यांचा एक्स डिव्हिजन आणि २००७पासून नॉकआउट्स, म्हणजे बायकांचा विभाग.

रिंगबद्दल जरा तपशिलात सांगतो, कारण "सहा बाजू म्हणजे नुसतं गिमिक" असं म्हणणारे पुष्कळ आहेत. समजा १८ बाय १८ फुटांची चौकोनी रिंग आहे. तेवढ्याच क्षेत्रफळाचा षटकोन केला तर एक बाजू साधारण ११ फूट येते. दोर आखूड झाला की त्याची लवचीकता कमी होते. पैलवान पाठीने दोरावर आदळतो तेव्हा दोराने त्याला झेलून परत फेकायचं असतं, आखूड दोर झेलत नाही, धक्का देतो. षटकोनात समोरासमोरच्या बाजू समांतर असतात, त्यामुळे दोरावर फेकून परत आणण्याची नेहमीची चाल जमते, पण कोपरा ९०ऐवजी १२० अंशांचा होतो. म्हणजे कोपऱ्यात अडकलेला माणूस नीट अडकलेला दिसत नाही, दोन्ही बाजूंचे दोर त्याच्यापासून लांब जातात. वर चढून बसलं तर आधाराला दोर हाताशी येत नाही. सांगाडाही जास्त ताठ, त्यामुळे पाठीवर पडलं की लागतं, अशी तक्रार कित्येक पैलवानांनी उघडपणे केली आहे. मग फायदा काय? उडी मारायला चारऐवजी सहा खांब. आणि रिमोट दाबत जाणाऱ्या माणसाला एका नजरेत कळतं की हे डब्ल्यूडब्ल्यूई नाही. दोन नंबरच्या कंपनीसाठी ही दुसरी गोष्ट सोन्याच्या मोलाची. मेक्सिकोच्या ट्रिपल-ए या रेसलिंग कंपनीत अशी रिंग आधीपासून होती, टीएनएने ती २००४मध्ये उचलली.

नॉकआउट्सबद्दल तर डिक्सीच्या कट्टर टीकाकारांनीही गप्प बसावं. १४ ऑक्टोबर २००७ रोजी बाउंड फॉर ग्लोरी या पे-पर-व्ह्यूमध्ये दहा जणींच्या सामन्यातून गेल किम पहिली विजेती झाली. त्यानंतर गेल किम विरुद्ध ऑसम काँग. एक चपळ आणि लहानखुरी, दुसरी शब्दशः डोंगर. त्या काळात डब्ल्यूडब्ल्यूईत बायकांचे सामने दोन-तीन मिनिटांत आटोपायचे, इथे त्यांना वेळ मिळत होता, कथा मिळत होती. डब्ल्यूडब्ल्यूईने 'दिवा' हा शब्द टाकून बायकांना कुस्तीगीर म्हणायला २०१६ उजाडलं. हे बुकिंग, म्हणजे कुणाची लढत कशी रंगवायची हे ठरवणं, डिक्सीने केलं नाही, मान्य. पण टीव्हीवरची मिनिटं कुणाला द्यायची यावर शेवटची सही मालकाची असते.

आणि मग हल्क होगन.

२७ ऑक्टोबर २००९ रोजी न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पत्रकार परिषद घेऊन डब्ल्यूडब्ल्यूईत गाजलेल्या होगनची घोषणा झाली, सोबत डब्ल्यूसीडब्ल्यूचा माजी प्रमुख एरिक बिशॉफ. ४ जानेवारी २०१० रोजी सोमवारी, थेट डब्ल्यूडब्ल्यूईच्या 'रॉ' या शोच्या समोर तीन तासांचा इम्पॅक्ट झाला. समोर रॉवर जुना चॅम्पियन ब्रेट हार्ट १२ वर्षांनी परतत होता. रेटिंग रॉला ३.६, इम्पॅक्टला १.५. टीएनएच्या मानाने १.५ मोठाच होता, आणि घात तिथेच झाला. एका रात्रीची उत्सुकता म्हणजे कायमचा प्रेक्षक, असं धरून चालले. ८ मार्चपासून इम्पॅक्ट कायमचा सोमवारी नेला. पहिल्याच आठवड्यात रेटिंग एकच्या खाली आलं आणि मे महिन्यात शो गुपचूप गुरुवारवर परतला. गुरुवारी टीएनए बघणारा माणूस सोमवारी रॉही बघायचा, त्यामुळे त्याला दोघांतलं एक निवडायला लावणं म्हणजे आपल्याच गिऱ्हाइकाला परीक्षेला बसवणं.

त्याच जानेवारीत सहा बाजूंची रिंग गेली. १७ जानेवारीच्या जेनेसिस या पे-पर-व्ह्यूला चौकोनी रिंग दिसली आणि हॉलमधले लोक सहा बाजू परत द्या म्हणून ओरडत राहिले. पैलवानांच्या पाठीचा विचार करून काढली असती तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. पण ती काढली "मोठ्या कंपनीसारखं" दिसायला. परिणाम असा की आता टीएनए डब्ल्यूडब्ल्यूईची स्वस्त आवृत्ती दिसू लागली, तीही डब्ल्यूडब्ल्यूईच्याच जुन्या चेहऱ्यांसह. गंमत म्हणजे २०१४मध्ये चाहत्यांचं मत घेऊन सहा बाजू परत आणल्या, आणि तेव्हा पैलवान वैतागले.

पैशांच्या बाजूने खरी खोच फ्लोरिडातल्या ऑर्लँडोच्या युनिव्हर्सल स्टुडिओत होती. तिथल्या 'इम्पॅक्ट झोन'मध्ये प्रवेश फुकट. थीम पार्कला आलेले पर्यटक खुर्च्या भरायचे. कॅमेऱ्याला हॉल भरलेला दिसतो, खर्च कमी, एका फेरीत अनेक भाग चित्रित होतात. पण तिकिटाचं उत्पन्न शून्य. चित्रण आणि प्रक्षेपणात दिवस गेले की निकाल इंटरनेटवर फुटतात. तिसऱ्या-चौथ्या तासाला पब्लिक थकतं, आणि पर्यटकाला पात्रंच माहीत नसतात, त्यामुळे कुणावर ओरडायचं तेही त्याला कळत नाही. इतक्या वर्षांत "टीएनए बघायला तिकीट काढायचं" ही सवयच लागली नाही. म्हणून मार्च २०१३मध्ये डिक्सीने शो गावोगावी न्यायचं ठरवलं तेव्हा ट्रक, दिवे, हॉटेलं, हॉलची भाडी असा खर्च उभा राहिला आणि तो भरून काढायला गल्ला जमेना. नोव्हेंबरपर्यंत पुन्हा ऑर्लँडो. त्याच वर्षी पे-पर-व्ह्यू बारावरून चारवर आणले होते, म्हणजे तोही नळ बारीक. उरला फक्त स्पाइकचा चेक.

पुण्याचा किस्साही याच साच्यातला. २०११च्या डिसेंबरमध्ये बालेवाडीला 'रिंग का किंग' या देशी रेसलिंग शोचं चित्रण झालं, पाठीशी टीएनए, सूत्रं जेफ जॅरेटकडे, हरभजनसिंग चेहरा. २८ जानेवारी २०१२पासून कलर्सवर दिसला. महाबली वीरा वगैरे देशी चेहरे पुढे आणले, पण सगळा हंगाम एका मुक्कामात उरकलेला. लाल मातीत चितपट बघून मोठं झालेल्या पब्लिकला ठरवून केलेली लढत पचते का, हे बघायला दुसरा हंगाम हवा होता, तो आलाच नाही.

आता पडद्यावरची डिक्सी. २०१३च्या शरद ऋतूत ती खलनायिका झाली. तेव्हाच डब्ल्यूडब्ल्यूईत स्टेफनी मॅकमेहन 'अथॉरिटी' म्हणून दुष्ट मालकीणच रंगवत होती आणि खऱ्या आयुष्यात मोठ्या पदावरची अधिकारी होती. भूमिका एकच, पण स्टेफनी लहानपणापासून त्या पडद्यामागे वाढलेली, माइकवर पक्की. शिवाय तिच्या मागे शेअर बाजारात नोंदलेली कंपनी होती. लोक शिव्या द्यायचे त्या पात्राला. डिक्सीच्या बाबतीत कथा आणि बातमी एकच झाली. गोष्ट काय, तर मालकीण एजे स्टाइल्सला करारात नाडते आणि तो चॅम्पियनचा बेल्ट घेऊन निघून जातो. आणि खरोखरच बोलणी पैशांवर फिसकटली आणि डिसेंबरमध्ये एजे गेला. त्याच सुमारास जेफ जॅरेट गेला, मग स्टिंग हा जुना स्टार पैलवान. होगन आधीच गेला होता, जाताना डिक्सी त्याचा पाय धरून गयावया करते असं दृश्य दाखवलं होतं. कंपनीत पैसा नाही अशी कुजबुज बाहेर चालू असताना मालकिणीला टीव्हीवर कंजूष आणि लाचार दाखवायचं, हे ज्या कुणाला सुचलं त्याला नमस्कार. एजे २०१६च्या सप्टेंबरमध्ये डब्ल्यूडब्ल्यूईचा चॅम्पियन झाला.

टेबलाचं मात्र तिचं कौतुक करायलाच हवं. ७ ऑगस्ट २०१४च्या भागात बुली रेने तिला पॉवरबॉम्ब देऊन टेबलातून घातलं. तेव्हा ती ४९ वर्षांची होती, पैलवान कधीच नव्हती. ही चाल दिसते तशी खोटी नसते. घडीच्या टेबलाची पातळ फळी दोन पायांच्या बरोबर मधे फुटते, तिथे पाठीचा वरचा भाग सपाट पडला पाहिजे. हनुवटी छातीला चिकटलेली हवी, नाहीतर डोकं मागे आपटतं. वर उचलताना घाबरून शरीर आखडलं तर उचलणाऱ्याचा तोल जातो आणि माणूस फळीच्या टोकाला, लोखंडी पायावर पडतो. बुली रेचा या कामात हातखंडा होता म्हणून हे जमलं. न्यू यॉर्कचं पब्लिक वेडं झालं. पण स्पाइकने करार वाढवला नाही. २०१५च्या जानेवारीत डेस्टिनेशन अमेरिका, २०१६च्या जानेवारीत पॉप टीव्ही. दोन्ही चॅनेलं लहान.

शेवटचा अंक कोर्टात. 'स्मॅशिंग पम्पकिन्स'चा गायक बिली कॉर्गन २०१५मध्ये टीएनएत आला, ऑगस्ट २०१६मध्ये डिक्सीच्या जागी अध्यक्ष झाला (ती चेअरमन झाली), कंपनीला उसने पैसे दिले आणि ऑक्टोबरमध्ये टेनेसीतल्या कोर्टात कंपनीवरच दावा लावला. कोर्टाने मनाई हुकूम दिला नाही, आणि त्याचं कर्ज अँथम या कॅनडातल्या कंपनीने मिटवलं. जानेवारी २०१७मध्ये अँथमकडे ८५ टक्के हिस्सा गेला, डिक्सीकडे ५ टक्के राहिला आणि तिने चेअरमनपद सोडलं. त्याच वर्षी अँथमने इम्पॅक्टचे भाग मुंबईत येऊन चित्रित केले.

ज्यांनी फक्त टेबलाची क्लिप बघितली आहे त्यांनी दोन सामने शोधून बघा. सप्टेंबर २००५च्या अनब्रेकेबलमधली जो, डॅनियल्स आणि एजेची तिरंगी लढत आणि जानेवारी २००८च्या फायनल रिझोल्यूशनमधली गेल किम विरुद्ध काँग. दुसरी बघताना घड्याळ लावा, आणि मग त्याच महिन्यातला डब्ल्यूडब्ल्यूईतला बायकांचा कुठलाही सामना घेऊन वेळ ताडून बघा.