चित्र धूसर आहे, म्हणून मोहीम खोटी?

कुठलीही मोठी अंतराळ मोहीम आली की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. शब्द थोडे इकडेतिकडे, मुद्दे तेच: 'घराघरांत फोर-के टीव्ही आहेत, खिशातल्या फोनमध्ये एचडी कॅमेरा आहे, मग अंतराळातून येणारं चित्र धूसर का? नेमक्या क्षणी ते गोठतं कसं? यान उतरताना ॲनिमेशन का दाखवतात? एकही तारा का दिसत नाही? १९६९ मध्ये चंद्रावरून थेट दाखवता आलं, मग आज काय अडलं? कारण सगळं स्टुडिओत चालतं.' यातले प्रश्न चांगले आहेत. शेवटचं वाक्य मात्र त्यांच्यातून निघत नाही.

फोनमध्ये असतो तसा कॅमेरा तिथे का नसतो? असतो की. जपानच्या 'कागुया' यानाने २००७ मध्येच एचडी कॅमेरा चंद्राच्या कक्षेत नेला आणि चंद्राच्या क्षितिजावरून वर येणारी पृथ्वी टिपली. ते चित्रण आधी यानावर साठवलं आणि मग पृथ्वीवर पाठवलं. चित्र टिपणं हे एक काम, ते त्याच क्षणी लाखो किलोमीटर पाठवणं हे दुसरं. अडतं ते दुसऱ्यात. यानाकडे वीज मोजकी, अँटेना लहान, आणि अंतर दुप्पट झालं की पोचणारा संदेश चौपट क्षीण होतो. 'न्यू होरायझन्स' १४ जुलै २०१५ रोजी प्लुटोजवळून गेलं. त्या भेटीत गोळा झालेली सगळी माहिती पृथ्वीवर उतरायला ऑक्टोबर २०१६ उजाडला. कॅमेऱ्यात काहीच खोट नव्हती. संदेशाचा वेग सेकंदाला एक-दोन हजार बिट (बिट म्हणजे माहितीचा सगळ्यात लहान तुकडा) इतकाच होता, आणि त्या वेगात घरच्या टीव्हीवरचा एचडीचा एक सेकंदही मावत नाही.

याच्या उलट उदाहरणही आहे. 'सायकी' यानावरच्या लेझर यंत्रणेने ११ डिसेंबर २०२३ रोजी सुमारे ३ कोटी १० लाख किलोमीटरवरून अतिउच्च दर्जाची ध्वनिचित्रफीत पाठवली, सेकंदाला २६ कोटी ७० लाख बिट या वेगाने. फितीत होतं एक मांजर, लेझरच्या ठिपक्यामागे पळणारं. उड्डाणापूर्वीच ती फीत यंत्रणेत भरून ठेवली होती. म्हणजे वाट रुंद केली की चित्रही स्वच्छ येतं. ती रुंद करणं हेच अवघड काम आहे आणि ते सध्या चालू आहे.

'नेमक्या क्षणी' चित्र जातं, हे निरीक्षण मात्र शंभर टक्के बरोबर आहे. कारण जो क्षण सगळ्यात रोमांचक, तोच संपर्कासाठी सगळ्यात वाईट. समुद्रातल्या तरंगत्या तळावर फाल्कन-९ रॉकेटचा पहिला टप्पा उतरायचा, तेव्हा इंजिनांच्या झोताने तळ हादरायचा, त्यावरच्या अँटेनाची उपग्रहावरची दिशा चुकायची आणि पडदा गोठायचा. तळावरच्या कॅमेऱ्यांत सगळं नीट टिपलेलं असायचं. ते नंतर मिळायचं. वातावरणात परतणाऱ्या यानाभोवती तापलेल्या, विद्युतभारित वायूचं आवरण तयार होतं आणि रेडिओलहरी अडतात. ६ जून २०२४ च्या स्टारशिप यानाच्या उड्डाणात ही अडचण बरीच चुकवता आली: खालून ते आवरण असलं तरी वरच्या बाजूने उपग्रहांकडे वाट मोकळी राहिली आणि यानाचा पंख जळताना लोकांनी थेट पाहिला. मध्येच कॅमेऱ्याची काच तडकली, तेही दिसलं. आपल्याच वस्तूची अशी दुर्दशा स्टुडिओत कोण मुद्दाम रंगवेल, हा प्रश्न मजकूर लिहिणाऱ्याला पडलेला दिसत नाही.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून येणारं चित्र मधूनच जातं आणि निळा पडदा येतो, त्यावरही बऱ्याच गोष्टी रचल्या गेल्या आहेत. स्थानक सुमारे ४०० किलोमीटरवर, पण त्याचा संदेश आधी जवळपास ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाकडे जातो आणि तिथून खाली येतो. एका उपग्रहाकडून दुसऱ्याकडे जाताना, किंवा स्थानकाचाच एखादा भाग अँटेनाच्या आड आला की, संपर्क तुटतो. लपवायचंच असतं तर मुळात दाखवलं कशाला असतं?

आता ॲनिमेशन. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी चंद्रयान-३ उतरताना पडद्यावर जी आकृती हलत होती ती काढलेलीच होती, यात कुणी काही लपवलं नव्हतं. यान बाहेरून दाखवायचं तर बाहेर कुणीतरी कॅमेरा घेऊन उभं असायला हवं, आणि तिथे कोण असणार? उंची आणि वेग यांचे आकडे मात्र यानाकडूनच येत होते, आणि नियंत्रण कक्षातले लोक त्या आकड्यांकडेच डोळे लावून बसले होते. उतरण्याआधी यानाच्याच कॅमेऱ्याने टिपलेली चंद्रभूमीची दृश्यं दुसऱ्या दिवशी प्रसिद्ध झाली. मंगळावर उतरलेल्या 'पर्सिव्हरन्स' या गाडीचंही तसंच. १८ फेब्रुवारी २०२१ रोजी मंगळावरून संदेश यायला ११ मिनिटांहून जास्त वेळ लागत होता, आणि उतरण्याचा सगळा खेळ ७ मिनिटांचा. वातावरणात शिरल्याची खबर इथे पोचली तेव्हा गाडी तिथे जमिनीवर उभीसुद्धा होती! उतरण्याची ध्वनिचित्रफीत २२ तारखेला दाखवण्यात आली.

म्हणजे मजकुराची कसोटीच उलटी आहे. थेट कार्यक्रमात यान बाहेरून, सगळ्या बाजूंनी, अगदी लखलखीत दिसत असेल तर ती बहुधा संगणकाची करामत असते. करडं, धूळ उडालेलं, अर्धवट चित्र खरं असण्याची शक्यता जास्त.

तारे दिसत नाहीत याचं कारण साधं: उन्हात उजळलेली जमीन किंवा यान टिपायला कॅमेरा क्षणभरच उघडावा लागतो, तेवढ्यात मंद ताऱ्यांचा प्रकाश उमटत नाही. रात्रीच्या बाजूने जास्त वेळ उघडा ठेवून स्थानकावरून काढलेल्या छायाचित्रांत तारे भरपूर आहेत.

राहिलं १९६९. अपोलो-११ मोहिमेच्या चित्रात ३२० आडव्या ओळी होत्या आणि सेकंदाला १० चित्रं. तेव्हाच्या अमेरिकी टीव्हीला लागायच्या ५२५ ओळी आणि ३० चित्रं. म्हणून पृथ्वीवरच्या केंद्रात ते चित्र एका पडद्यावर दाखवून त्या पडद्यासमोर दुसरा टीव्ही कॅमेरा लावला गेला, आणि तेच जगाने पाहिलं. 'तेव्हा छान दिसलं, आता दिसत नाही' असं म्हणणाऱ्याने ते चित्रण अलीकडे पाहिलेलं नसावं.

आणि बराचसा दोष आपल्या घरातल्या टोकाचाही असतो. इंटरनेटवरून येणारं चित्र दाबून लहान केलेलं असतं. लागोपाठच्या चित्रांत जे बदललं तेवढंच मुख्यतः पाठवलं जातं. रॉकेट तळावर स्थिर उभं असताना हे फार छान जमतं. इंजिनं पेटली की धूर, ज्वाळा, गळून पडणारे बर्फाचे तुकडे, सगळा पडदा एकदम बदलतो, ठरलेल्या बिटांत ते मावत नाही आणि चौकोन दिसू लागतात. त्यात चित्राचा दर्जा 'ऑटो'वर असेल तर जाळं मंदावताच तो गुपचूप खाली येतो. तो हाताने निवडावा आणि शक्य तर टीव्हीला वायफायऐवजी केबल जोडावी. फोर-केचा फारसा हट्ट धरू नये: ५५ इंची पडद्यापासून सव्वादोन मीटरहून लांब बसलात तर साधारण नजरेला फुल एचडी आणि फोर-के यांत फरक कळत नाही, आणि मूळ चित्रच ७२० ओळींचं असेल तर टीव्ही फक्त ते ताणून दाखवतो.

मजकूर लिहिणाऱ्याची एक तक्रार मात्र मला पटते, जरी त्याने ती नीट मांडलेली नाही. ॲनिमेशनवर तशी पाटी न लावणाऱ्या वाहिन्या आणि स्थानकावरचं जुनं चित्रण 'थेट' म्हणून फिरवत ठेवणारी खाती यांनी संशयाला भरपूर खाद्य पुरवलं आहे. ही दुसरी लबाडी घरबसल्या पकडता येते. स्थानक साधारण दीड तासात पृथ्वीची एक फेरी मारतं आणि त्या फेरीचा बराच भाग अंधारातून जातो. बाहेरचा कॅमेरा सलग दोन तास नुसती उन्हातली पृथ्वी दाखवत असेल, तर ते रेकॉर्डिंग आहे.