कोकणातली भुतं मराठीत बोलू द्या

'मुंज्या' २०२४च्या जूनमध्ये आला, भरपूर चालला, आणि एक जुना वाद पुन्हा तापला. भूत कोकणातलं, दिग्दर्शक आदित्य सरपोतदार मराठी, घरातली माणसं मराठी वळणाचं बोलणारी. मग सिनेमा हिंदीत का? महाराष्ट्रातून याची दोन ठरलेली उत्तरं येतात. मराठीत तेवढा पैसा नाही, आणि मराठीत केला तर राज्याबाहेर बघणार कोण? लंडनमध्ये राहून सगळीकडचे भयपट बघत असताना ही दोन्ही उत्तरं मला पटत नाहीत.

आधी भाषेचं बघू. 'भ्रमयुगम' आणि 'लोका' इथे मल्याळममध्येच लागले, खाली इंग्रजी सबटायटल. हिंदी डबिंगसाठी कोणी थांबलं नाही. 'लोका'त केरळच्या दंतकथेतली यक्षी नीली आजच्या बंगळुरूत येते आणि तरीही ती केरळचीच राहते; शेवटाकडे पुढच्या भागांची तयारी फार होते, एवढी एकच तक्रार. 'भ्रमयुगम' मात्र गेल्या काही वर्षांतला माझ्या लेखी सर्वांत चांगला भारतीय भयपट आहे. कृष्णधवल चित्रण, एक पडका वाडा, मोजकी माणसं आणि पाऊस. वाड्याचा मालक पोट्टी झालेला मामुट्टी वाट चुकलेल्या गायकाला फासे खेळायला बसवतो. पणाला लावायला काही नाही? मग तुझा वेळ लाव, म्हणतो. गायक हरतो, आणि तिथून पुढे त्या वाड्याचं दार उघडं असलं तरी त्याला काही उपयोग नसतो. या प्रसंगात एकही महागडी गोष्ट नाही.

भयपट तरतो तो नियमावर. भूत काय करू शकतं, काय करू शकत नाही, आणि त्याला हवंय काय, हे प्रेक्षकाला पहिल्या अर्ध्या तासात कळलं पाहिजे, आणि लेखकाने ते शेवटपर्यंत मोडता कामा नये. 'तुंबाड' २०२४मध्ये पुन्हा लावला तेव्हा २०१८पेक्षा जास्त कमाई झाली, त्याचं कारण मला इथेच दिसतं. त्यातल्या हस्तर या शापित देवाला सोनं मिळालं, धान्य मिळालं नाही. म्हणून कणकेची बाहुली टाकायची, तो ती खात असताना त्याच्या लंगोटातल्या मुद्रा ओरबाडायच्या, आणि पिठाच्या रिंगणात राहायचं. मग लोभापायी बाहुल्या वाढवल्या की हस्तरही तितकेच येतात. शेवटचा धक्का नियमातूनच निघतो, बाहेरून आणावा लागत नाही.

'मुंज्या'कडेही असाच पक्का नियम होता: मुंज होऊन सोडमुंजीआधी गेलेलं पोर, झाडाला बांधलेलं, लग्नाची इच्छा अपुरी. सुरुवातीचा कोकणातला भाग म्हणूनच धरून ठेवतो. पुढे मुंज्या पटकथेला लागेल ते करायला लागतो आणि लख्ख उजेडात दिसत राहतो. तो जितका जास्त दिसतो तितका कमी घाबरवतो. सरपोतदारांचाच 'झोंबिवली' (२०२२) मराठीत होता, आणि डोंबिवलीचं पाणी, टॉवर आणि शेजारची वस्ती यांची गाठ त्यात घट्ट बांधली होती. मला तो 'मुंज्या'पेक्षा उजवा वाटतो.

हॉलिवूडचे भयपट नियमाला कसे वागवतात? रायन कूगलरच्या 'सिनर्स'मध्ये (२०२५) रक्तपिपासूला आमंत्रणाशिवाय आत येता येत नाही, आणि मिसिसिपीतल्या १९३२च्या त्या गाण्याच्या अड्ड्याचा उंबरठा हाच सगळ्या ताणाचा बिंदू होतो. हा सिनेमा जिथे बघाल त्यावर तो बदलतो, हेही सांगायला हवं. इथल्या बीएफआय आयमॅक्स या अवाढव्य पडद्याच्या थिएटरात फिल्मवर काही दृश्यं १.४३:१ (रुंदी:उंची) या उंच चौकटीत उघडतात. बहुतेक डिजिटल आयमॅक्सवर तीच १.९०:१ला कापली जातात. 'नोस्फेरातू' देखणा आहे, पण त्याचा काळोख दिवा जुना झालेल्या प्रोजेक्टरवर चिखल होतो. पडद्यावर ४८ निट (उजेड मोजायचं एकक) उजेड हे प्रमाण, आणि ते नसेल तर मेणबत्तीच्या उजेडातली निम्मी मेहनत वाया. 'वेपन्स'मध्ये एकाच वर्गातली सतरा मुलं रात्री २:१७ला घराबाहेर पळत सुटतात. एकेका पात्राच्या बाजूने गोष्ट पुढे सरकते ती रचना उत्तम. उत्तर मिळाल्यावर मात्र भीती ओसरते आणि गोंधळ उरतो.

आता पैशाचं. २०१७चा मराठी 'लपाछपी' आठवा: गरोदर बाई, एक घर, चहूबाजूंनी ऊस. विशाल फुरियांनी पुढे तोच 'छोरी' म्हणून हिंदीत केला. कल्पना मराठीत, कमी खर्चात, आधीच उभी राहिली होती. भयपटात पैसा खातं ते संगणकावर बनवलेलं भूत, आणि भीती तयार होते आवाजात. तिथे आपण कमी पडतो, आणि कारण खर्चाचं नाही, सवयीचं आहे. प्रत्येक जागेवर चित्रीकरण संपल्यावर सगळ्यांना गप्प करून निदान एक मिनिट त्या खोलीचा रिकामा आवाज ध्वनिमुद्रित करायचा असतो. तो घेतला नाही की स्टुडिओत डब केलेल्या संवादांच्या मध्ये मुर्दाड पोकळी येते. ती कानाला खटकते, म्हणून तिथे पार्श्वसंगीत ओतलं जातं, आणि शांतताच उरली नाही तर दचकवणार कशाने?

पुढचा घोटाळा थिएटरात होतो. ध्वनियंत्रावर ७ हा प्रमाण आकडा, म्हणजे पडद्यामागच्या प्रत्येक स्पीकरला ८५ डेसिबल. आवाज मोठा असल्याच्या तक्रारी आल्या की आकडा ५वर येतो आणि कुजबुज ऐकू येईनाशी होते. हे ठाऊक असल्याने मिक्सिंग करणारे सगळंच चढं ठेवतात. हा रोग ब्रिटनमध्येही आहे, त्याबाबत इथलं कौतुक करायचं कारण नाही.

एका बाबतीत मात्र मी मायदेशातल्या निर्मात्यांच्या बाजूने आहे. भारतात 'ए', म्हणजे फक्त प्रौढांसाठीच्या प्रमाणपत्राचा सिनेमा टीव्हीवर दाखवता येत नाही. कापून यू/ए करून घ्यावा लागतो. टीव्हीच्या हक्कांचा पैसा डोळ्यांसमोर असलेला निर्माता भीतीत विनोद मिसळणारच. इथे '१५' या प्रमाणपत्रावर (पंधराच्या आतल्यांना प्रवेश नाही) 'सिनर्स'सारखा सिनेमा भरपूर प्रेक्षक मिळवतो. भारतात आता यू/ए १६+ आलंय, पण ते पालकांना दिलेलं मार्गदर्शन आहे, दारात कोणाला अडवत नाही. म्हणून हॉरर-कॉमेडीच चालते असं म्हणणाऱ्यांनी प्रेक्षकाच्या आवडीइतकंच या हिशेबाकडेही बघावं.

मराठीत काय होऊ शकतं ते 'दशावतार'ने सप्टेंबर २०२५मध्ये दाखवलं. ऐंशी ओलांडलेले दिलीप प्रभावळकर, मालवणी बोली, रात्रीची नाटकं, खाणीचा धोका, आणि रंगवलेला चेहरा जवळून दिसताना येणारा काटा. उत्तरार्धात भाषणं जास्त होतात, तरी हा सिनेमा दुसऱ्या भाषेत सुचलाच नसता.

राहता राहिलं ते सिनेमा इथवर पोचवणं. मराठी सिनेमा इथे बरेचदा उशिरा येतो, महाराष्ट्र मंडळाच्या रविवारच्या एका खेळापुरता, तोवर तो ओटीटीच्या वाटेवर असतो. महाराष्ट्रात लागतो त्याच आठवड्यात इथे लावायचा तर बीबीएफसीचं, म्हणजे इथल्या सेन्सॉरचं, प्रमाणपत्र आधी काढावं. शुल्क मिनिटांच्या हिशेबाने लागतं. डिजिटल प्रत उघडणारी संगणकीय किल्ली ठरावीक सर्व्हरसाठी आणि ठरावीक वेळेपुरतीच चालते, म्हणून एका पडद्याची न मागता त्या थिएटरच्या सगळ्या पडद्यांच्या मागवाव्यात, आणि वेळ भारताची की ब्रिटनची हे तपासावं. मध्यंतराची पाटी इथल्या प्रतीतून काढावी. बऱ्याच ठिकाणी ती दिसते आणि सिनेमा तसाच पुढे चालू राहतो, त्यामुळे त्यानंतरचं दृश्य फुकट जातं. सबटायटल दोन ओळींच्या वर नको. आणि ते भुताच्या तोंडून शब्द निघेल त्याच फ्रेमला आणावं. अर्धा सेकंद आधी आलं तर सबंध थिएटर धमकी वाचून मोकळं होतं, आणि मग आवाज येतो.