मार्कांसाठी गाणं शिकणाऱ्या पोरांबद्दल

गाण्यातला कुणीही भेटला की हल्ली एकच रडगाणं. पोरं मार्कांसाठी येतात हो, दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून परीक्षा देतात आणि मग पेटी जाते माळ्यावर. मला नाही पटत हे. उभा जन्म शाळेत गाणं शिकवण्यात गेला, आता रिटायर झालोय, कुणाला भ्यायचं कारण नाही, म्हणून लिहितोय.

आम्ही मिरजेचे. विष्णु दिगंबर पलुसकर शेजारच्या कुरुंदवाडचे, लहानपणी फटाक्यानं डोळे अधू झाले आणि गाणं शिकायला इथे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे आले. तेव्हाची रीत म्हणजे गुरूच्या घरी पाणी भरा, पडेल ते काम करा, मर्जी बसली तर एखादी चीज, म्हणजे बंदिश, पदरात पडणार. ह्याच विष्णु दिगंबरांनी 1901 साली थेट लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाण्याला फी, वर्ग, पुस्तकं, नोटेशन, परीक्षा सगळं लावलं. म्हणजे ज्याला आज आपण नाकं मुरडतो तेच! पण त्यामुळेच गाणं कारकुनाच्या, मास्तरच्या घरात शिरलं, मुली उघडपणे शिकायला लागल्या. पुढे महाविद्यालयाची मुंबईची इमारत कर्जापायी लिलावात गेली, 1931 ला विष्णु दिगंबर मिरजेतच वारले आणि त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ काढलं. आपली पोरं गाण्याच्या प्रवेशिका-मध्यमा परीक्षा देतात त्या त्याच मंडळाच्या.

मार्कांसाठी आलेल्या शंभरातले पाच टिकले तरी पुष्कळ झाले, आणि बाकीच्यांना निदान भूप राग कानावर पडला की ओळखता येतो, हे काय कमी आहे का? तानसेन नाही तरी कानसेन, म्हणजे जाणते ऐकणारे, घडवायचे ही विष्णु दिगंबरांची गोष्ट सगळे भाषणात सांगतात आणि क्लासमध्ये विसरतात.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. संगीताचा तास म्हणजे गणिताचा सिलॅबस उरकायची हक्काची जागा. आमच्या एका हेडमास्तरांनी तर पेटी स्टोअररूममध्ये खडूच्या खोक्यांखाली ठेवली होती, भात्याला उंदीर लागले. असो.

आठवड्यातून एकदा मुलांच्या निरीक्षणगृहात (जुन्या भाषेत रिमांड होम) शिकवायला जातो. लोक त्याला समाजसेवा म्हणतात, मला तर तो सगळ्यात मजेचा क्लास वाटतो. तिथे मार्क नाहीत, सर्टिफिकेट नाही. एक पोरगा होता, तोंड उघडायचाच नाही, गा म्हटलं की मान खाली. एकदा सोळा मात्रांचा तीनताल हातावर धरायला लावला, बाकीची पोरं सगळीकडे टाळ्याच वाजवत होती आणि हा पठ्ठ्या नवव्या मात्रेला, जिथे टाळी नसते, त्याला खाली म्हणतात, तिथे बरोब्बर हात बाजूला, दरवेळी, लय वाढवली तरी खाली चुकली नाही. मग त्यालाच ताल धरायला पुढे बसवला. गायला तो शेवटपर्यंत नाहीच, मीही सोडला नाद.

तिथली पेटी आता पार गेलीय, चार सूर दाबले की दोन वाजतात. कुणाच्या माळ्यावर मार्क मिळवून झालेली एखादी पडून असेल तर इनबॉक्समध्ये कळवा, भाता फाटका असला तरी चालेल, मी दुरुस्त करून घेईन.