चमच्याचा दहावा भाग

दहा दिवसांत शरीर आतून धुऊन काढणाऱ्या लिंबूपाण्याची कृती अमेरिकेतल्या स्टॅन्ली बरोज यांनी १९७६ मध्ये छापली. ३०० मिली पाणी, दोन मोठे चमचे लिंबाचा रस, दोन मोठे चमचे मेपल सिरप आणि छोट्या चमच्याचा दहावा भाग तिखट. दिवसाला सहा ते बारा ग्लास. कागदावर गरीब गाय. पण नागपूरच्या स्वयंपाकघरात शिरली की तिचे जिन्नस बदलतात, आणि तिथून आपले हाल सुरू होतात.

इतवारीत मेपल सिरप मागून स्वतःचं हसं करून घेण्यापेक्षा आपण गुळावर येतो. गूळ कोमट पाण्यात विरघळवून फडक्यातून गाळावा. नाहीतर तळाशी बसलेली रेतीही शुद्धीकरणासाठी पोटात जाते. खरी पंचाईत तिखटाची. चमच्याचा दहावा भाग मोजणारं माप नागपुरातल्या एकाही घरात असेल असं मला वाटत नाही. आपल्याकडे तिखट अंदाजाने पडतं, तो अंदाज सावजी असतो आणि डब्यात असते भिवापुरी मिरची. त्यातून मिरचीला तिखटपणा देणारं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. पूड थोडी तरंगते, थोडी तळाशी बसते आणि शेवटच्या घोटात सगळी मिळून घशावर चालून येते. म्हणून तिखट आधी गुळाच्या घट्ट पाण्यात घोटावं, मग बाकीचं पाणी ओतावं आणि दर घोटाआधी चमचा फिरवावा. जळजळ कमी होत नाही, पण सर्व घोटांना सारखी वाटली जाते.

एका ग्लासाला एक रसदार लिंबू, म्हणजे दहा ग्लास धरले तर दिवसाला दहा. मे महिन्यात एकदम दहा लिंबं घेणाऱ्याकडे भाजीवालाही अदबीने बघतो. पिऊन झालं की चूळ भरा, लगेच ब्रश करू नका. आंबटाने मऊ पडलेलं दातांचं आवरण घासलं जातं.

शुद्धीकरणाच्या बाकीच्या कृतींचंही तेच. हिरव्या स्मूदीतल्या ‘केल’ या परदेशी पालेभाजीच्या जागी पालक येतो. कच्च्या पालकात ऑक्सलेट भरपूर. बाहेर पंचेचाळीस अंश, पाणी कमी, लघवी घट्ट: मुतखड्याला याहून चांगलं हवामान नाही. पालक उकळून पाणी फेकलं तर ऑक्सलेट बरंच कमी होतं. पण उकळलेला पालक, जवळ तूरडाळ आणि मूठभर शेंगदाणे एवढं जमल्यावर डाळभाजी न करता तो मिक्सरमध्ये फिरवणं हे माझ्या मते पाप आहे.

चियाऐवजी सब्जा चालतो, पण दोघांचे स्वभाव वेगळे. सब्जा पंधरा मिनिटांत फुगतो. चिया निवांत फुगतो आणि ग्लासभर पाण्याची खळ करून ठेवतो. ग्लासाला एक चमचा, तोही रात्री भिजवलेला. कोरडा गिळून वरून पाणी प्यायलात, तर तो अन्ननलिकेतच फुगायला बसतो.

आता लवकी, म्हणजे दुधी भोपळा. पुण्याकडच्या कृतीत ‘भोपळ्याचा रस’ असेल तर तो लवकीचा. आपण कोहळं आणून किसत बसू नये. कापल्यावर एक चकती जिभेला लावून लगेच थुंका. कडू लागली तर अख्खी लवकी फेका. तो कडूपणा कुकुरबिटासिनचा. शिजवून जात नाही, आणि पुदिना, आलं, सांबार (आपली कोथिंबीर) घालून चव झाकली तर कळतही नाही. मग उलट्या, जुलाब, कधी पोटात रक्तस्राव. विष काढायला बसलेल्या माणसाने स्वहस्ते विष पिण्याची सोय फक्त याच जिन्नसात आहे.

दिवसाला १८० लिटर गाळणी करणारी मूत्रपिंडं आणि दीड किलोचं यकृत हा सगळा तमाशा बघत आपापलं काम करत असतात. वजन उतरतं ते बरंचसं पाण्याचं: यकृतात आणि स्नायूंत साठलेलं ग्लायकोजन, म्हणजे साखरेचा साठा, संपलं की त्याने दर ग्रॅममागे धरलेलं साधारण तीन ग्रॅम पाणीही निघून जातं. जेवण सुरू झालं की दोघं हातात हात घालून परत येतात.

म्हणून अकराव्या दिवशी मऊ मुगाची खिचडी, बाराव्याला ताक-भात, आणि तर्री-पोहे निदान तेराव्यापर्यंत लांबणीवर. एवढे दिवस रिकाम्या राहिलेल्या पोटाला तेलाचा तवंग सोसत नाही. तरीही पाय कस्तुरचंद पार्ककडे वळलेच आणि ठेलेवाल्याने पळी उचलून विचारलं, ‘‘भाऊ, तर्री किती?’’ तर सांगावं, ‘‘चमच्याचा दहावा भाग.’’ तो अख्खी पळी ओततो.