गार्ड निखळलाय!

परवा दुपारी उद्यमनगरात कामात होतो, तेवढ्यात बायकोचा फोन. "अहो, गार्ड निखळलाय. सकाळपासनं लोंबतोय."

पोटात गोळाच आला. कारण आमच्याकडं गार्ड दोन. एक अपार्टमेंटच्या गेटवर खुर्चीत झोपतो, दुसरे माझे सासरे, रेल्वेतनं रिटायर्ड.

"डॉक्टरला दाखवलं?"

"गाडीचा गार्ड हो! बाबांचं धोतर चाकात जायचं एखाद्या दिवशी."

संध्याकाळी गाडी मिस्त्रीकडं नेली. "कुठला, भावा? मड, लेग का साडी?" आता लेग गार्ड म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं पोरगं येतं. पायाला पॅड बांधून, बॅटनं जमीन उकरून ते ऐटीत 'गार्ड घेतं' आणि पहिल्याच बॉलला दांडी गूल. मिस्त्रीचा लेग गार्ड मात्र लोखंडी, पुढं असतो.

"साडी," मी म्हटलं.

"वैनी बसत्यात व्हय?"

"न्हाई, सासरे."

पाना खाली ठेवून हसला गडी. म्हटलं, हसू नकोस, 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत 123 वा नियम वाच. मागं बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून मागचं निदान अर्धं चाक झाकायचं, एवढंच लिहिलंय. साडीच पाहिजे असं कुठं आहे? त्यानं नियम ऐकला, दोन बोल्ट आवळले आणि पैसे साडीचेच लावले.

घरी मामांना, म्हणजे सासऱ्यांना, शब्दच दुखतो. जानेवारी 2022 मध्ये रेल्वेनं गार्डाचं 'ट्रेन मॅनेजर' केलं. "मॅनेजर बँकेत असतोय. आम्ही शेवटच्या डब्यात," असं म्हणून चहा बशीत ओततात. उलट आमचा गेटवाला परवाच बजावून गेला, वॉचमन नको, गार्ड म्हणा. मामांना अजून सांगितलं नाही. बीपीची गोळी चालू आहे.

मग त्यांना रंकाळ्यावर न्यायला काढलं. मामा मागं बसले, धोतर आवरलं, वाकून नवा गार्ड हलवून बघितला. गेट बंद. गार्ड निवांत घोरत होता. मी दोनदा हॉर्न मारला, ढिम्म. तिसऱ्यांदा मारणार तोच मागनं, कानाजवळ, कर्णकर्कश शिट्टी वाजली. खुर्ची उडाली, गेट सताड उघडलं.

मामांनी शिट्टी परत बंडीच्या खिशात टाकली. "हं, सोडा गाडी."