ब्लॅक फ्रायडेचे व्हिडिओ पाठवणाऱ्या समस्त काका-मामांसाठी

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा आला की आमच्या फॅमिली ग्रुपवर अमेरिकेतल्या ब्लॅक फ्रायडेचे, म्हणजे थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या शुक्रवारी लागणाऱ्या मोठ्या सेलचे, व्हिडिओ फिरायला लागतात. शटर अर्धं वर गेलंय, माणसं खालून सरपटत आत शिरतायत, दोन बायका एकाच टीव्हीचं खोकं दोन्ही बाजूंनी ओढतायत. खाली काकांची टिप्पणी: "आणि ही म्हणे महासत्ता!" मग कुणीतरी आपल्या संस्कृतीत समाधानाला किती महत्त्व आहे ते लिहितं. दहा मिनिटांनी त्याच ग्रुपवर सेलची लिंक येते, "फक्त आज रात्री १२ पर्यंत, पटकन घ्या."

मी न्यू जर्सीत राहते, त्यामुळे "तुमच्याकडे हे काय चाललंय गं?" हा प्रश्न थेट माझ्याकडे येतो. एरवी हसण्याचा इमोजी टाकून सोडून देते. पण यंदा लिहायचं ठरवलं. "हावरट लोक, दुसरं काय" असं म्हणून आपण मोकळे होतो आणि ज्यांना खरा जाब विचारायला हवा ते आरामात सुटतात.

एकच घटना सांगते. २८ नोव्हेंबर २००८, थँक्सगिव्हिंगचा दुसरा दिवस. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर व्हॅली स्ट्रीम गावातलं वॉलमार्ट. दार पहाटे ५ ला उघडणार होतं. ५० इंची प्लाझ्मा टीव्ही ७९८ डॉलरला, डिजिटल कॅमेरा ६९ ला, व्हॅक्यूम क्लीनर २८ ला. काळ लक्षात घ्या. लीमन ब्रदर्स ही मोठी अमेरिकन बँक बुडून जेमतेम अडीच महिने झाले होते, रोज नोकऱ्या जात होत्या. लोक आदल्या रात्रीपासून थंडीत उभे होते आणि पहाटेपर्यंत दाराबाहेर सुमारे २००० माणसं जमली होती. बाहेरून दाबून दाबून काचेची दारं आत वाकायला लागली, तेव्हा आतल्या कर्मचाऱ्यांनी हात लावून ती धरून ठेवायचा प्रयत्न केला. पाचच्या सुमारास दारं तुटली.

दाराशी उभ्या केलेल्यांत ३४ वर्षांचा एक जण होता. एजन्सीमार्फत सणाच्या दिवसांपुरता घेतलेला हंगामी कामगार. गर्दी आवरायचं कसलंही प्रशिक्षण त्याला दिलेलं नव्हतं. अंगापिंडाने धिप्पाड, म्हणून दाराशी. तो खाली पडला आणि गर्दी त्याच्या अंगावरून आत गेली. सहाच्या सुमारास त्याला मृत घोषित केलं. मृत्यूचं कारण गुदमरणं. त्याच्यापर्यंत पोचायला धडपडणाऱ्या सहकाऱ्यांनाही गर्दीने तुडवलं, मदतीला आलेल्या पोलिसांनाही धक्के बसत होते. माणूस गेलाय, दुकान बंद करतोय असं सांगितल्यावर काही जण ओरडले, आम्ही कालपासून रांगेत आहोत. आणि ते वस्तू उचलत राहिले. दुकान बंद झालं, आणि दुपारी १ वाजता पुन्हा उघडलं.

ते दुपारचं उघडणं मला पहाटेच्या रेटारेटीइतकंच भयंकर वाटतं. पण व्हिडिओ फक्त रेटारेटीचे निघतात.

आता गर्दीविषयी. जॉन फ्रुइन नावाच्या अमेरिकन अभियंत्याने आयुष्यभर गर्दीचा अभ्यास केला. त्याचं म्हणणं असं, की एका चौरस मीटरमध्ये ७ च्या आसपास माणसं झाली की गर्दी पाण्यासारखी वागायला लागते. तिच्यात लाटा उठतात, माणूस पाय न हलवता तीन मीटर किंवा त्याहूनही जास्त सरकतो, पायातल्या चपला-बूट निघून जातात. अशा गर्दीत बरेच जण उभ्या उभ्या मरतात, कारण छातीला श्वास घ्यायला जागाच उरत नाही. आणि मागच्याला हे दिसत नाही. त्याला एवढंच दिसतं की पुढे हालचाल झाली, म्हणजे दार उघडलं. तो एक पाऊल पुढे टाकतो. २००० माणसांचं ते एकेक पाऊल दारापाशी जमा होतं.

हे पटत नसेल तर एल्फिन्स्टनचा पूल आठवा. सप्टेंबर २०१७, पावसाची सकाळ, अरुंद जिना, २३ माणसं गेली. तिथे कुठला सेल लागला होता? ती माणसं ऑफिसला निघाली होती.

म्हणजे वॉलमार्टच्या दाराशी हाव नव्हतीच असं मी म्हणत नाही. होती. पण हाव तर दिवाळीच्या आधीच्या रविवारी लक्ष्मी रोडवरही असते, दादरला रानडे रोडवरही असते. माझी मावशी एका साडीसाठी पाच दुकानं पालथी घालते, मग पहिल्या दुकानात परत जाऊन "अजून दोनशे कमी करा" म्हणून ठाण मांडते. खांद्याला खांदा लागलेला असतो, पर्स पोटाशी धरून चालावं लागतं. तरी तिथे कुणी कुणाला तुडवून दुकानात शिरत नाही. का? दुकान सकाळपासून रात्रीपर्यंत उघडं असतं. साडी इथे नाही तर शेजारी मिळते. भाव मावशीच्या जिभेवर ठरतो, घड्याळावर नाही. आता त्याच रस्त्यावर एक दुकान निवडा, तिथे अर्ध्या किमतीच्या फक्त २० पैठण्या ठेवा, एकच दार, आणि दाराला पाटी लावा: "बरोबर ५ वाजता". मग बघा मावशीचं काय होतं.

हा सापळा आपोआप तयार होत नाही, कुणीतरी ऑफिसात बसून आखतं. माल मोजका, वेळ ठरलेली, किती नग आहेत ते न सांगितलेलं, आणि बातम्यांच्या कॅमेऱ्यांना दिसेल अशी बाहेर रांग. माझं स्पष्ट मत आहे की ती गर्दी हीच जाहिरात असते. नाहीतर तिला आवरणं काही अवघड नाही.

हे मी पाहिलंय. विद्यार्थी असताना मीही इथे स्वस्त लॅपटॉपसाठी रात्रभर रांगेत उभी राहिलेय. आम्हा देशी पोरांचा तेव्हा तो सोहळाच असायचा. दोन जाकिटं, कानटोपी, थर्मासमध्ये चहा, कुणाच्या तरी आईने पाठवलेला चिवडा. दार उघडण्याच्या बऱ्याच आधी दुकानाची माणसं रांगेतून फिरून कागदी तिकिटं वाटायची. जितके लॅपटॉप, तितकी तिकिटं. ती संपली की मागच्यांना तोंडावर सांगायची, तुम्हाला मिळणार नाही, उगाच थांबू नका. अर्धी रांग शिव्या घालत पार्किंगकडे जायची. दार उघडल्यावर उरलेले चालत आत जायचे. अक्षरशः चालत. त्यांच्या मनातली हाव माझ्याइतकीच होती, पण हातात तिकीट होतं. आपल्याकडे बँकेत, दवाखान्यात टोकन देतात, त्यात मोठं शास्त्र काय आहे?

काकांना आणखी एक आठवण. २६ जानेवारी २००६ ला बिग बझारने "सबसे सस्ता दिन" काढला तेव्हा लोटलेली गर्दी दुकानांना झेपली नाही, पोलीस बोलवावे लागले. आणि २००४ मध्ये लखनऊला एका नेत्याच्या वाढदिवशी फुकट साड्या वाटताना वीसहून जास्त बायका चेंगरून मेल्या. तिथे आपण "बिचाऱ्या गरीब बायका" म्हणालो. त्या बाईने साडीसाठी धक्का दिला तर ती गरिबी, आणि मंदीत नोकरीची धास्ती घेऊन उभ्या असलेल्याने व्हॅक्यूम क्लीनरसाठी दिला तर चंगळवाद! मुंबईत सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या आयफोनसाठी बीकेसीत रांगेत हाणामारी झाली. त्यावर ग्रुपवर मौन होतं. बहुधा ग्रुपमधल्याच कुणाचा तरी मुलगा त्या रांगेत असावा.

लोक धुतल्या तांदळासारखे आहेत असं अजिबात नाही. २०११ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोर्टर रँचमधल्या वॉलमार्टमध्ये एका बाईने एक्सबॉक्ससाठी आजूबाजूच्यांवर मिरचीचा स्प्रे मारला, २० जणांना त्रास झाला. तिने ठरवून हात उचलला, तिची बाजू मी घेणार नाही. मेलेल्या माणसाची बातमी कळूनही ट्रॉली न सोडणाऱ्यांचीही नाही. पण रांगेतल्या दीड हजाराव्या माणसाला त्यांच्या पंगतीत बसवणं मला मान्य नाही.

व्हॅली स्ट्रीमच्या त्या मृत्यूबद्दल कुणावरही फौजदारी खटला झाला नाही. ढकललं कुणी, हे २००० जणांत ठरवणार कसं? कामगार सुरक्षेच्या सरकारी खात्याने, म्हणजे ओशाने, वॉलमार्टला दंड केला ७००० डॉलर. वाचताना एखादं शून्य राहिलं असं वाटेल. राहिलेलं नाही. कंपनीने तोही मुकाट्याने भरला नाही. अशा गर्दीचा धोका हा मान्यताप्राप्त धोकाच नाही, असा बचाव घेऊन ती वर्षानुवर्षं लढली. न्यूयॉर्क टाइम्सने २०१० मध्ये दिलेल्या बातमीनुसार तोवरच किमान २० लाख डॉलर वकिलांवर गेले होते. २०११ मध्ये न्यायाधीशांनी दंड कायम ठेवला, त्यावरही अपील झालं. मुद्दा पैशाचा नव्हताच. दंड मान्य केला असता तर पुढच्या प्रत्येक सेलला गर्दीची जबाबदारी दुकानावर आली असती. स्थानिक सरकारी वकिलांशी मात्र २००९ मध्येच तडजोड झाली होती: जखमींसाठी ४ लाख डॉलरचा निधी, परगण्यातल्या समाजकामासाठी १५ लाख डॉलर, आणि न्यूयॉर्क राज्यातल्या दुकानांसाठी गर्दीचं नियोजन.

मग २०२० आलं. कोविडमध्ये लोक एकमेकांच्या अंगावर येऊन चालणार नव्हतं. त्याच वॉलमार्टने ब्लॅक फ्रायडेच्या ऑफर एका दिवसाऐवजी नोव्हेंबरभर तीन टप्प्यांत वाटल्या, बऱ्याचशा ऑनलाइन नेल्या, दुकानाबाहेर एकेरी रांग लावली आणि मोजून माणसं आत सोडली. हे सगळं जाहीर करायला त्यांना एक प्रसिद्धिपत्रक पुरलं. एकेरी रांग आणि मोजणारा माणूस २००८ मध्येही मिळत होता.